मुरवलेल्या चिकन-मटणाच्या कॅलरी घरच्या घरी कशा मोजायच्या?

प्रश्न असा आहे: दही, आलं-लसूण, तिखट आणि थोडं तेल लावून चिकन रात्रभर फ्रिजमध्ये मुरत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते भाजलं, तेव्हा भांड्याच्या तळाशी बराच मसाला राहिला. आता अ‍ॅपमध्ये भरायचं काय? मसाल्याच्या सगळ्या कॅलरी धरायच्या की निम्म्या? वजन कच्च्या चिकनचं घ्यायचं की शिजलेल्या? आणि मटणालाही हाच हिशेब चालेल का?

आधी थेट उत्तर देते. जे जे घातलं ते कच्चं असतानाच तोलायचं, भांड्यात उरलेलं वजा करायचं आणि शिजल्यावर जे वजन भरेल त्याने एकूण कॅलरींना भागायचं. मटणाच्या रश्श्याला मात्र थोडी वेगळी वाट धरावी लागते, ती पुढे सांगते. भांड्यात उरलेल्या मसाल्याची चिंता सगळ्यात शेवटी करायची. आहारतज्ज्ञ म्हणून मी लोकांच्या जेवणाच्या वह्या बघते. त्यांत अर्धा चमचा हळद, पाव चमचा गरम मसाला अगदी नेमाने लिहिलेला असतो आणि तेलापुढे नुसतं ‘फोडणीपुरतं’. त्या हळदीत चार-पाच कॅलरी असतात. फोडणीपुरत्या तेलात चारशेही असू शकतात.

मुरवल्यावर मांसाच्या आत काय जातं, हे एकदा समजून घेतलं की अर्धा गोंधळ मिटतो. कच्च्या मांसात चारांतले जवळपास तीन भाग पाणीच असतं. मीठ पाण्यात विरघळतं, म्हणून ते हळूहळू आत उतरतं. लिंबाचा किंवा दह्याचा आंबटपणा वरच्या थरापुरता काम करतो. तेल मात्र पाण्याने भरलेल्या मांसात शिरत नाही. तिखट, हळद, आलं-लसणाचा चोथा हेही पृष्ठभागावरच राहतं. म्हणजे खोलवर जातं ते मुख्यतः मीठ, आणि मिठाला कॅलरी नाहीत. कॅलरी असलेलं सगळं बाहेरून चिकटलेलं असतं. त्यामुळे ‘किती शोषलं गेलं’ याचा विचारच करू नका. किती चिकटलं ते पाहा, आणि ते वजनकाटा सांगतो.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा स्वयंपाकाचा डिजिटल काटा पुरतो. मुरवायचं रिकामं भांडं काट्यावर ठेवून त्याचं वजन लिहा, मग काटा शून्य करा आणि दही, वाटण, तेल, पीठ एकेक घालत आकडे लिहीत जा. मसाला तयार झाला की त्याचं एकूण वजन लिहा, मग चिकन घाला. दुसऱ्या दिवशी तुकडे काढून घेतल्यावर भांडं तळाच्या मसाल्यासकट पुन्हा तोला आणि रिकाम्या भांड्याचं वजन वजा करा. उरलेला मसाला एकूण मसाल्याच्या जितका हिस्सा, तितक्याच हिश्श्याने मसाल्याच्या कॅलरी कमी करायच्या. रिकाम्या भांड्यांची वजनं एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावली, तर दर वेळी ती खटपट उरत नाही.

आपल्याकडे अनेक घरांत ते भांडं पाण्याने विसळून ते पाणी रश्श्यात घालतात. तसं करत असाल तर वजाबाकी करूच नका, सगळंच पोटात जाणार आहे. फक्त ते पाणी कच्च्या मांसाला लागलेलं असतं, म्हणून त्याला चांगली उकळी येऊ द्या.

आता आकडे घालून पाहू. कातडं काढलेल्या, हाडाशिवायच्या मांडीच्या मांसाचे तुकडे १ किलो. कच्च्या मांसाच्या १०० ग्रॅमला साधारण १२० कॅलरी, म्हणजे किलोला १२००. मसाला असा: म्हशीच्या दुधाचं दही १५० ग्रॅम (१५० कॅलरी), आलं-लसूण वाटण ३० ग्रॅम (३५), मोहरीचं तेल दोन मोठे चमचे म्हणजे २७ ग्रॅम (२४०), तिखट-हळद-धणेपूड-गरम मसाला मिळून १५ ग्रॅम (४५), भाजलेलं बेसन १५ ग्रॅम (५५), शिवाय लिंबाचा रस २० ग्रॅम आणि मीठ १२ ग्रॅम, या दोन्हींचं जवळजवळ शून्य. मसाल्याचं वजन झालं सुमारे २७० ग्रॅम आणि कॅलरी ५२५. भांड्यात उरला ६० ग्रॅम, म्हणजे २२ टक्के. त्याच्या सुमारे ११५ कॅलरी वजा केल्या की ४१० राहिल्या. भाजताना वरून २० ग्रॅम लोणी लावलं, त्याच्या १४५. एकूण १२०० + ४१० + १४५ म्हणजे १७५५. भाजल्यावर सगळे तुकडे भरले ८५० ग्रॅम. भागाकार केला की १०० ग्रॅम तयार चिकनला साधारण २०५ कॅलरी पडतात.

तुमच्या ताटात १८० ग्रॅम आलं, तर ते झालं ३७० कॅलरींचं. त्यात प्रथिनं ४० ग्रॅमच्या थोडी वर.

आता वेगवेगळ्या चुका किती महागात पडतात ते बघा. उरलेला मसाला वजा करायला विसरलात, तर किलोभर चिकनवर ११५ कॅलरींचा फरक, पण तुमच्या ताटापुरता तो जेमतेम २५ चा. याउलट शिजलेले १८० ग्रॅम तोलून अ‍ॅपमधली ‘कच्चं चिकन’ ही नोंद निवडलीत, तर अ‍ॅप २१६ कॅलरी दाखवेल. म्हणजे दीडशेहून अधिक कॅलरी एका ताटात गायब. रोज रात्री असं होत राहिलं तर ‘मी इतकं कमी खाते तरी वजन उतरत नाही’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं. तुम्ही मसाल्याचा प्रश्न आधी आणि कच्च्या-शिजलेल्याचा नंतर विचारला आहे. माझ्या मते महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे.

असं होतं कारण शिजताना पाणी जातं, कॅलरी फारशा जात नाहीत. भाजलेलं चिकन वजनाला पाव भागाने, कधी त्याहून जास्त उतरतं. बारीक तुकडे, जास्त आच, जास्त वेळ, की उतार आणखी वाढतो. म्हणूनच ‘शिजलेल्या चिकनच्या १०० ग्रॅमला इतक्या कॅलरी’ हा एकच आकडा सगळ्या घरांना लागू पडत नाही. तुमच्या तव्यावर किती पाणी उडालं, हे तुमच्या काट्यालाच ठाऊक. अ‍ॅपमध्ये स्वतःची पाककृती बनवायची सोय असेल, तर एकूण शिजलेलं वजन ग्रॅममध्ये घाला आणि १०० ग्रॅमची एक वाढणी ठेवा. पुढच्या वेळी फक्त ताटातला वाटा तोलायचा.

परदेशात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. अमेरिकेत पाकिटबंद चिकनवर कधी कधी अमुक टक्के मिठाचं पाणी किंवा स्टॉक घातल्याचं लिहिलेलं असतं. अशा चिकनचं कच्चं वजन पाण्याने फुगलेलं असतं आणि भाजल्यावर ते जास्तच उतरतं. तिथे सर्वसाधारण आकडा न घेता त्या पाकिटावरचाच आकडा घ्या. आपल्याकडे मसाला लावून विकायला ठेवलेली पाकिटं घेतलीत तरी तेच करा. त्यावरच्या १०० ग्रॅमच्या कॅलरी पाकीट विकलं त्या अवस्थेतल्या, म्हणजे बहुधा कच्च्या मालाच्या असतात.

चिकनचा कोणता भाग, यावरून उगाच भीती बाळगली जाते. कातडं काढलं की छातीचं मांस आणि मांडीचं मांस यांत कच्च्या १०० ग्रॅममागे कॅलरींचा फरक नगण्य आहे, दोन्ही १२० च्या आसपास. छातीत प्रथिनं दोन-तीन ग्रॅम जास्त, चरबी थोडी कमी, इतकंच. दही लावून भाजायला मांडीचं मांस कितीतरी चांगलं, ते कोरडं पडत नाही आणि त्यामुळे वरून लोणी फासायची गरजही कमी लागते. खरा फरक कातड्याने पडतो. कातड्यासकट मांडी कच्ची धरली तर १०० ग्रॅमला २२० च्या घरात जाते. आपल्याकडचे चिकनवाले बहुतेक वेळा कातडं काढूनच देतात, पण तंगडी भाजायला आणली किंवा परदेशात सुपरमार्केटमधून मांड्या घेतल्या तर बघून घ्या. कातड्यासकट भाजताना बरीच चरबी वितळून खालच्या ट्रेमध्ये उतरते. ट्रेमधला रस वाटीत काढून निवू दिला की वरचा चरबीचा थर वेगळा दिसतो. तो टाकून देणार असाल तर तोलून वजा करा, ग्रॅमला नऊ कॅलरी.

हाडासकट तुकडे असतील तर अंदाज बांधत बसू नका. जेवण झाल्यावर सगळ्यांच्या ताटांतली हाडं एका थाळीत गोळा करा आणि तोला. कच्च्या वजनातून हाडांचं वजन वजा केलं की मांस मिळतं. शिजलेलं हाड कच्च्यापेक्षा किंचित हलकं असतं, तेवढी तूट चालते. चिकनवाल्याचे तुकडे दर वेळी सारखेच असतात, त्यामुळे दोनदा-तीनदा मोजलं की तुमच्या घरचा आकडा हाती येतो.

तेलाबद्दल मात्र मी आग्रही आहे. तेल कोणतंही असो, शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, मोहरीचं की ऑलिव्हचं, एका ग्रॅमला नऊ कॅलरीच. ‘हलकं तेल’ असं काही नसतं. मोठा सपाट चमचा म्हणजे १२० कॅलरी, लहान चमचा म्हणजे ४०. पण आपण चमच्याने कुठे ओततो? आपण पळीने ओततो, आणि प्रत्येक घरची पळी वेगळी. तुमची पळी एकदा पाण्याने भरून काट्यावर ओता. ३० ग्रॅम पाणी मावत असेल तर तेल मावेल २७ ग्रॅम, म्हणजे २४५ कॅलरी. हे एकदा केलं की कायमचं काम झालं. भाजणीच्या पदार्थांत माझा सल्ला असा की मुरवताना तेल जवळजवळ घालूच नका. ते आत जात नाही, काही भांड्याला लागून राहतं, आणि दही नसलेल्या मसाल्यात तर ते वेगळं होऊन तरंगतं, मग वजाबाकीचा हिशेबही बिघडतो. भाजायच्या वेळी तेलाची वाटी तोलून ब्रशने तुकड्यांना लावा आणि वाटी पुन्हा तोला. कमी तेलात काम होतं आणि आकडाही चोख मिळतो.

तळणीलाही तीच युक्ती. मैदा-कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाचं पीठ लावून तळलेल्या तुकड्यांत पिठाचे ग्रॅम (१०० ग्रॅमला ३६० ते ३८० कॅलरी) आधी मोजा. कढई तेलासकट तळणीआधी आणि पूर्ण निवल्यावर तोला. गरम कढई काट्यावर ठेवू नका. जी घट येईल ते तेल तुकड्यांत गेलं, असं धरा.

आता मटण. इथे सगळ्यात पहिली अडचण अ‍ॅपची असते. आपण मटण म्हणतो ते बोकडाचं. परदेशी अ‍ॅपमध्ये मटण किंवा लॅम्ब शोधलं की मेंढीचं मांस समोर येतं, आणि ते चरबीसकट असेल तर कच्च्या १०० ग्रॅमला २०० ते २८० कॅलरी दाखवतं. बोकडाचं चरबी काढलेलं मांस ११० च्या आसपास असतं. चुकीची नोंद निवडली तर हिशेब दुप्पट होतो आणि माणूस उगाच मटण सोडून देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेली भारतीय अन्नघटकांची सारणी वापरत असाल, तर त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे हे ध्यानात ठेवा. तो आकडा ४.१८४ ने भागला की आपली नेहमीची कॅलरी मिळते.

मटणाला आपण हळद, मीठ, आलं-लसूण, फार तर दोन चमचे दही चोळून तास-दोन तास ठेवतो. या मुरवणीत कॅलरी म्हणण्यासारखं काही नाही, तिकडे सरळ दुर्लक्ष करा. खरा हिशेब पुढे सुरू होतो. किलोभर मटणातून हाडं वजा जाऊन ७०० ग्रॅम मांस धरलं तर ७७० कॅलरी. त्याला दोन पळ्या तेल (४९०), सुकं खोबरं ५० ग्रॅम (३३०), कांदा २०० ग्रॅम (८०), खसखस आणि तीळ दहा-दहा ग्रॅम (११०). बेरीज १०१०. म्हणजे वाटण आणि तेल मिळून मांसापेक्षा जड! आमच्याकडे येणारी माणसं रश्श्यावर ताव मारतात आणि ‘मटणाचे दोनच तुकडे घेतले’ म्हणून समाधान मानतात, तेव्हा मला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा लागतो.

रश्श्याचं सगळं पातेलं तोलून भागाकार करायची पद्धत इथे चालत नाही, कारण एकाच्या वाटीत तुकडे जास्त आणि दुसऱ्याच्या वाटीत रस्सा जास्त. मी दोन खाती करायला सांगते. मांसाच्या कॅलरी तुकड्यांच्या खात्यात, तेल-वाटणाच्या सगळ्या रश्श्याच्या खात्यात. शिजलेलं, हाडाशिवायचं मांस ५०० ग्रॅम भरलं तर १०० ग्रॅमला साधारण १५५. रस्सा दीड लिटर झाला तर १५० मिलिलिटरच्या वाटीला १०० कॅलरी. मांसातली थोडी चरबी रश्श्यात उतरते आणि थोडा रस्सा तुकड्यांना लागून येतो, ती देवाणघेवाण फार मोठी नसते.

पण हे ढवळून वाढलेल्या रश्श्याचं झालं. वरची लालभडक तर्री अलगद काढून वाटीत घेतली, तर त्या वाटीत तेलच जास्त, आणि कॅलरी सहज दुपटीच्या वर जातात. वजन कमी करायचं असेल तर रस्सा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मटणाची चरबी वर गोठते, तेल तरंगतं. चमच्याने काढलेलं ते तोलून रश्श्याच्या खात्यातून वजा करा. थोडं पाणी सोबत येतं, म्हणून ग्रॅमला नऊऐवजी आठ कॅलरी धरा. चव खोबऱ्या-कांद्यात आणि हाडाच्या रसात असतेच, ती जात नाही.

गोव्याकडच्या पदार्थांत हा मुद्दा आणखी उठून दिसतो. काफ्रियालसाठी कोथिंबीर, मिरची, आलं, लसूण यांचं हिरवं वाटण चिकनला लावतात. त्यात कॅलरी किरकोळ, मोजायचं ते तव्यावरचं तेल. विंदालूची मुरवण म्हणजे व्हिनेगर, लसूण, मिरच्या, तीही किरकोळच. तिथे सगळा खेळ डुकराच्या मांसाचा कोणता भाग घेतला याचा असतो. खांद्याचं चरबी काढलेलं मांस कच्च्या १०० ग्रॅमला दीडशेच्या आसपास, चरबीसकट २३५, आणि पोटाकडचं चरबीचे थर असलेलं मांस ५०० च्या वर. मसाला तोच, पाककृती तीच, आणि कॅलरी तिपटीहून जास्त. म्हणून मांस घेताना खाटकाला भाग सांगून घ्या.

ज्या मुरवणीकडे डोळेझाक करू नये, अशाही थोड्या आहेत. मलई टिक्क्यातली साय किंवा क्रीम, काजूची पेस्ट (१०० ग्रॅम काजूला ५५० कॅलरी), आणि मध-साखर-केचप घातलेले बाटलीबंद सॉस. हे दाट आणि चिकट असतात, तुकड्यांना धरून बसतात, भांड्यात फारसे उरत नाहीत. मोठा चमचाभर मध ६० कॅलरींच्या वर जातो. मधुमेह असेल तर या सॉसमधली साखर वेगळी लिहा, कारण दही-मसाल्याच्या चिकनमध्ये कर्बोदकं जवळजवळ नसतात आणि इथे ती नकळत येतात.

रक्तदाब असलेल्यांसाठी मात्र मुरवणीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मीठ आहे. तेल आत जात नाही, मीठ जातं, आणि ते नंतर पुसून किंवा धुऊन निघत नाही. वरच्या उदाहरणात १२ ग्रॅम मीठ होतं. त्यातलं भांड्यात उरलेलं सोडलं तर १८० ग्रॅमच्या वाट्यात सुमारे २ ग्रॅम येतं. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे. एका वाढणीत त्याचा ४० टक्के कोटा संपला, आणि अजून भाकरी, भाजी, लोणचं, पापड बाकी आहे. मीठ निम्मं करा, लिंबू आणि लसूण वाढवा, आणि तयार तंदुरी मसाला वापरत असाल तर त्यात आधीच मीठ आहे का ते पाकिटावर वाचा.

काटा जवळ नसेल, पाहुणे म्हणून जेवायला गेलात, तर काय? टिक्क्याचा मध्यम तुकडा शिजल्यावर २५ ते ३० ग्रॅमचा असतो, म्हणजे ५० ते ६० कॅलरी. सहा तुकडे म्हणजे सव्वातीनशे धरा. बोटाला तेल किंवा लोणी चांगलंच लागत असेल तर त्यावर शंभर वाढवा. मटणाचा तुकडा हाडाशिवाय २५-३० ग्रॅमचा धरला तर ४०-४५ कॅलरी, रश्श्याची वाटी तर्रीशिवाय १००, तर्रीसकट २०० ते २५०. यात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होईल, आणि वजन उतरवण्यासाठी तेवढी अचूकता पुरते. मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी प्रथिनं मोजून दिली असतील तर मात्र असा अंदाज नको. तिथे घरचं, तोललेलं चिकनच खा, आणि मांसाचं कच्चं वजन लिहून तुमच्या आहारतज्ज्ञांना दाखवा.